बोलण्याआधीचे बोलणे : न बोलणाऱ्या मुलांच्या शिक्षणाचा इतिहास



मूल बोलू केव्हा लागते, असे कुणी विचारले तर आपण सहज उत्तर देतो की, वर्ष-सव्वा वर्षाचे झाले म्हणजे. 'अम्मी', 'अब्बा', 'पानी' असा पहिला शब्द कानी पडला की घरात आनंदीआनंद होतो. दादी साऱ्यांना बोलावून तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेते. परंतु थोडे बारकाईने पाहिले तर ध्यानात येईल की, मूल त्याच्या कितीतरी आधीपासून बोलत असते. दहा-अकरा महिन्यांचे मूल कडेवर बसून रस्त्याकडे बोट करते, जाणाऱ्या एस. टी. कडे पाहते आणि लगेच वळून आपल्या तोंडाकडे पाहते. त्याला ती एस. टी. मिळावी अशी त्याची अपेक्षा नसते. 'मी पाहिली, तूही पाहा,' एवढेच त्याला सांगावयाचे असते. तोंडातून शब्द निघालेला नसतो, तरी संभाषण झालेले असते.

आता काही मुले अशी असतात की ती असे बोट दाखवीत नाहीत. नाव घेऊन हाक मारली तरी वळत नाहीत. काही हवे असले तर मोठ्या माणसाचे मनगट धरून ते डब्यापर्यंत नेतात. पण त्या माणसाच्या डोळ्यांत पाहत नाहीत. अशा मुलांपैकी काहींना आज 'स्वमग्न' म्हणतात. इंग्रजीतील 'ऑटिझम' या शब्दासाठी मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला आहे. त्यांच्या घरच्यांचे सारे लक्ष मात्र एकाच गोष्टीकडे लागलेले असते : शब्द कधी येणार? 'बोलेल उशिरा, त्याचे मामूही उशिराच बोलले,' असे म्हणत दोन वर्षे, तीन वर्षे जातात. शब्दाची वाट पाहता पाहता शब्दाच्या आधीचे जे शिकवावयाचे असते, त्याचाच काळ निघून जातो.

शब्दाआधीचे हे बोलणे ओळखावयास शिकलेल्या जगाला दीडशे-दोनशे वर्षे लागली. त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. आणि आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट ही की, त्या इतिहासाची एक वाट थेट आपल्या डहाणू तालुक्यातून जाते. ती वाट आपण क्रमाने पाहू.

रानातला मुलगा आणि दुधाचा शब्द

इ. स. १८०० च्या जानेवारीत फ्रान्समधील आव्हेराँ या भागात अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा लोकांना सापडला. तो रानात एकटाच राहत होता. अंगावर कपडे नव्हते, तोंडात भाषा नव्हती. त्याला पॅरिस येथील मूकबधिरांच्या राष्ट्रीय संस्थेत आणण्यात आले. त्या काळचे नामांकित वैद्य पिनेल यांनी त्याला तपासून, हा जन्मतःच बुद्धिहीन आहे, याला शिकवून उपयोग नाही, असे मत दिले. परंतु संस्थेतील तरुण डॉक्टर ज्याँ इतार यांना ते पटले नाही. त्यांनी मुलाचे नाव व्हिक्टर ठेवले आणि जवळजवळ पाच वर्षे त्याला शिकविले. घरी त्याचे सारे करण्याचे काम मादाम गेराँ नावाच्या बाईंकडे होते. हा मुलगा स्वमग्न असावा असे काही अभ्यासकांना वाटते, काहींना वाटत नाही. तो वाद आपण बाजूला ठेवू. आपल्याला महत्त्वाचे आहे ते इतार यांनी लिहून ठेवलेले निरीक्षण.

व्हिक्टरला शब्द येत नव्हते, पण सांगणे येत होते. कुणी पाहुणे फार वेळ बसले आणि त्याला कंटाळा आला, की तो त्यांची काठी, हातमोजे आणि टोपी आणून त्यांच्या हाती देई आणि हळूच दाराकडे ढकली! हातगाडीत बसून फिरावयाचे असले की तो कुणाचा तरी हात धरून त्याला बागेत नेई आणि गाडीचे दांडे त्याच्या हातात देई. सुज्ञ पालकहो, याला आपण मुकेपणा म्हणावे काय?

इतार यांची सारी धडपड मात्र त्याच्या तोंडून शब्द काढण्यासाठी होती. व्हिक्टरला दूध फार आवडे. 'ले' म्हणजे दूध, हा फ्रेंच शब्द त्याने उच्चारावा म्हणून त्यांनी बरेच प्रयत्न केले. अखेर एके दिवशी तो शब्द आला. पण कसा? दूध समोर आल्यावर, आनंदाच्या भरात. मागण्यासाठी तो शब्द त्याने वापरला नाही. इतार निराश झाले. शब्द आला होता, पण त्याचा संभाषणाशी धागा जुळला नव्हता.

पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. इतार यांनी त्याला धातूची सुटी अक्षरे दिली होती व 'दूध' या शब्दाची चार अक्षरे जुळवावयास शिकविले होते. काही दिवसांनी बाहेर ओळखीच्या घरी जावयाचे होते. तिथे दूध मिळते हे व्हिक्टरला ठाऊक होते. त्याने आपण होऊन ती चार अक्षरे बरोबर घेतली आणि त्या घरी पोहोचताच टेबलावर ओळीने मांडली. जिभेने जे झाले नाही ते हाताने झाले.

इतिहासकारांनी इतार यांच्याविषयी एक हळहळ नेहमी व्यक्त केली आहे. ते ज्या संस्थेत काम करीत, तेथील बहिरी मुले हातांच्या खुणांनी एकमेकांशी भरभरून बोलत असत. पण ही खुणांची भाषा त्यांनी व्हिक्टरला शिकविली नाही. उच्चाराच्या ध्यासात हाताशी असलेली वाट राहून गेली. व्हिक्टर १८२८ मध्ये मरण पावला. त्याला अखेरपर्यंत बोलता आले नाही.

पॅरिसहून रोम, रोमहून डहाणू

इतार यांचा प्रयत्न वाया मात्र गेला नाही. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या एदुआर सेगँ यांनी मंदबुद्धी म्हणून टाकून दिलेल्या मुलांसाठी शिक्षणाची पद्धत बसविली. हात, डोळे, कान यांना आधी शिकवावे, शब्द मागाहून येतील, असे तिचे सूत्र होते. पुढे इटलीतील तरुण डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये अशाच मुलांसाठी काम करताना इतार आणि सेगँ यांचे ग्रंथ मुळातून वाचले. एवढेच नव्हे तर स्वतःच्या हाताने त्यांचा अनुवाद उतरवून काढला. १९०७ मध्ये त्यांनी रोममधील गरीब वस्तीत लहान मुलांची शाळा उघडली. तिचे नाव 'कासा देई बांबिनी', म्हणजे मुलांचे घर. इटालियन भाषेत घराला 'कासा' म्हणतात. आपल्या गावाच्या नावाशी हे जुळते तो केवळ योगायोग. पण योगायोग गोड आहे.

माँटेसरींचे विचार भारतात आले ते गुजरातच्या वाटेने. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. पुढे त्या मुंबईस आल्या. पण शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरते हे शिक्षण राहू नये असे त्यांना वाटे. म्हणून १९४५ मध्ये त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. वस्तीतली मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर या दोघींनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणातली म्हणून ती अंगणवाडी. महागडी साधने परवडत नव्हती, तेव्हा शिंपले, चिंचोके, पाने, खडे हीच साधने झाली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळाही भरली. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, अनुताई १९९२ मध्ये.

कोसबाडचे काम मुख्यतः आदिवासी व गरीब घरच्या मुलांसाठी होते. पण त्याची वंशावळ पाहा. पॅरिसमधल्या एका न बोलणाऱ्या मुलाला शिकविताना जी दृष्टी जन्मास आली, ती सेगँ, माँटेसरी, गिजुभाई, ताराबाई अशी हातोहात येत आपल्या तालुक्यातल्या अंगणात उतरली. देशभर आज जी अंगणवाडी दिसते, तिची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. 'अंगणवाडी' हे नाव मात्र त्याआधीच आपल्या या भागाने दिलेले होते. न बोलणारे मूल अंगणवाडीच्या दारात आले, तर ते परके नाही. त्या शाळेचे मूळच अशा मुलापाशी आहे.

कासा गावाचा स्वतःचाही यात एक धडा आहे. १९७० च्या दशकात कासा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात माता-बाल आरोग्य व पोषणाचा एक प्रकल्प चालला. डॉ. पी. एम. शहा हे त्याचे प्रमुख होते. गावातल्याच स्त्रियांना अर्धवेळ कार्यकर्त्या म्हणून शिकवून घेऊन त्यांच्याकडून पाड्यापाड्यांतील लहान मुलांची वजने घेणे, नोंदी ठेवणे, अशक्त मुले वेळीच हेरणे ही कामे करून घेण्यात आली. या कामाची दखल वैद्यकीय जगताने घेतली. मुलाला धोका आहे हे ओळखावयास प्रत्येक वेळी मोठा डॉक्टर लागत नाही. शिकविलेली, जवळची, विश्वासाची बाई ते ओळखू शकते, हे त्यातून दिसले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे ती पुन्हा येणार आहे.

नाव मिळाले, पण दोष आईच्या माथी आला

१९४३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथील मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. आठ मुलगे, तीन मुली. माणसांशी भावनेचा धागा जुळणे या मुलांना जन्मापासूनच अवघड जाते, असे त्यांनी मांडले आणि त्या अवस्थेला नाव दिले. या अकरांपैकी आठ मुले बोलू लागली होती, तीन मुले बोलतच नव्हती. कॅनर यांचे एक निरीक्षण आजही विचार करण्याजोगे आहे. जी आठ मुले बोलत होती, त्यांचे बोलणेही पुष्कळ वेळा दुसऱ्याला काही सांगण्यासाठी नव्हते. ती ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी म्हणत. म्हणजे व्हिक्टरच्या 'दुधा'चाच प्रकार. उच्चार असणे आणि सांगणे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण यानंतर शास्त्राने एक मोठा अन्याय केला. मुलाच्या मायेला ऊब नव्हती म्हणून मूल असे झाले, असा समज पसरला. १९६७ मध्ये ब्रूनो बेटलहाईम यांच्या ग्रंथाने तो अधिकच घट्ट केला. आधीच दुःखी असलेल्या हजारो मातांना आपणच गुन्हेगार आहोत असे वाटू लागले. या समजाला पहिले जोरदार उत्तर दिले ते एका बापाने. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा मुलगा स्वमग्न होता. १९६४ मध्ये त्यांनी ग्रंथ लिहून स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या घडणीत आहे असे दाखविले. १९७७ मध्ये सुसान फोलस्टाइन व मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्या तपासल्या. एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती. निराळ्या बीजांपासून झालेल्या १० जोड्यांत अशी एकही नव्हती. रक्ताच्या वारशाचा यात मोठा वाटा आहे, हे स्पष्ट झाले. तेव्हा भगिनींनो, कुणी सासर-माहेरात, 'तू कामात राहिलीस म्हणून पोर असे झाले,' असे म्हटले, तर ते खुशाल खोडून काढा. ते म्हणणे केव्हाच खोटे ठरले आहे.

मागणे आणि दाखविणे

आता आपण या इतिहासातील सर्वांत मोलाच्या शोधाकडे येतो. १९७५ च्या सुमारास एलिझाबेथ बेट्स आणि त्यांच्या इटालियन सहकारी स्त्रियांनी रोममधील तान्ह्या मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. त्यांना दिसले की शब्द येण्याआधी मुलांचे इशारे दोन प्रकारचे असतात. एक मागण्याचा : मोठ्या माणसाकडून एखादी वस्तू मिळवावयाची. दुसरा दाखविण्याचा : वस्तू नको, फक्त दुसऱ्याने ती आपल्याबरोबर पाहावी. याच वर्षी इंग्लंडमध्ये स्केफ आणि ब्रूनर यांनी दाखविले की, तान्ही मुले मोठ्या माणसाची नजर जिकडे वळते तिकडे आपली नजर वळवितात. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देणे, हा भाषेचा पाया आहे असे यातून ध्यानात आले. आई 'चांद' म्हणते आणि मूल तिच्या नजरेच्या मागे जाऊन चंद्र पाहते, तेव्हाच तो शब्द त्या वस्तूला चिकटतो. मूल त्या वेळी पंख्याकडे पाहत असेल, तर शब्द वाऱ्यावर जातो.

पुढे १९८० च्या दशकात पीटर मंडी, मॅरियन सिगमन आदींनी स्वमग्न लहान मुलांच्या बाबतीत हेच तपासले. ही मुले मागू शकतात. हात धरून नेतात, डबा आणून देतात. त्यांना विशेष अवघड जाते ते दाखविणे. आपण नेमके याच्या उलट शिकवीत असतो. मागितले की देतो आणि मागून घेण्यासाठी शब्द म्हणावयास लावतो. पण दोघांनी मिळून एखादी गोष्ट पाहण्याचा आनंद शिकविण्याचे आपल्या मनातही येत नाही.

याच सुमारास, १९८५ मध्ये, अमेरिकेतील डेलावेअर राज्यात अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांनी न बोलणाऱ्या मुलांना चित्र देऊन वस्तू मागावयास शिकविण्याची पद्धत सुरू केली. केळे हवे असले तर मूल केळ्याचे चित्र उचलून समोरच्या माणसाच्या हातात देते. व्हिक्टरची ती चार अक्षरे पावणेदोनशे वर्षांनी परत आली, असेच म्हणावयाचे!

पालकांना येथे एक भीती वाटते. चित्राची किंवा खुणेची सवय लागली तर मूल बोलावयाचेच नाही. ही भीती स्वाभाविक आहे, पण आजवरचे अभ्यास तिला आधार देत नाहीत. चित्रांनी, खुणांनी, बोलणाऱ्या यंत्रांनी बोलणे खुंटल्याचे दिसलेले नाही. कित्येक मुलांत ते थोडेफार वाढलेच आहे. भाषा आधी हाताने आली तरी ती भाषाच असते.

गोव्याचा आणि रावळपिंडीचा प्रयोग

आपल्या देशात या मुलांसाठी संघटित काम उशिरा सुरू झाले आणि त्यात पालकच पुढे होते. १९९१ मध्ये दिल्लीत मेरी बरुआ या मातेच्या पुढाकाराने 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था निघाली. २००१ मध्ये मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी 'उम्मीद' हे बालविकास केंद्र सुरू केले. कायद्यानेही हळूहळू दखल घेतली. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली. म्हणून आज अशा मुलास प्रमाणपत्र आणि सवलती मिळू शकतात.

परंतु कायदा झाला तरी खेड्यापाड्यात तज्ज्ञ कोठून आणावयाचे? या प्रश्नावर आपल्या शेजारी, गोव्यात, एक महत्त्वाचा प्रयोग झाला. 'संगाथ' या संस्थेतील डॉ. गौरी दिवाण व त्यांचे सहकारी, पाकिस्तानातील रावळपिंडीचे कार्यकर्ते आणि इंग्लंडमधील तज्ज्ञ यांनी मिळून तो केला. २ ते ९ वर्षांची ६५ स्वमग्न मुले त्यात होती. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

पद्धत साधी होती. तज्ज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या पंधरवड्यातून एकदा घरी जात. आई किंवा बाप मुलाशी खेळत असताना त्याचे चित्रीकरण करीत आणि मग ते दोघे मिळून पाहत. येथे मुलाने तुमच्याकडे पाहिले होते, तुमच्या ध्यानात आले का? येथे तुम्ही तीन प्रश्न एकदम विचारले, तो गोंधळला. येथे तुम्ही थांबलात, आणि बघा, त्याने चेंडू तुमच्याकडे सरकविला. अशा बारा बैठका. मुलाला कुणी धडा शिकविला नाही. मोठ्या माणसाला मुलाचे इशारे वाचावयास शिकविले.

निष्कर्ष काय निघाला? आईबाप मुलाच्या कलाने अधिक वागू लागले आणि मुले आपण होऊन त्यांच्याशी संवाद सुरू करण्याचे प्रसंग वाढले. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट कमी भरला. म्हणजे सारे साधले असे नाही. पण मुलाने आपण होऊन पहिले पाऊल टाकणे ही लहान गोष्ट नव्हे. आणि ती घडवून आणली कुणी? घरातल्या माणसांनी आणि गावातल्या कार्यकर्त्यांनी. कासा येथे वजनाच्या काट्याने जे दिसले होते, तेच येथे खेळण्याच्या चटईवर दिसले. दोन देशांत, दोन भाषांत, सरहद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे आया एकाच गोष्टीचा सराव करीत होत्या : थांबणे.

तर मग आपण काय करावे?

प्रथम, वाट पाहत बसू नये. वर्षाचे मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचे मूल बोट दाखवीत नसेल, आलेले शब्द गेले असतील, तर त्याला दाखवावे. सर्वांआधी कानाची तपासणी करून घ्यावी, कारण ऐकू न येण्यानेही मूल बोलत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, त्यांच्यापुढे मूल आणावे. कासा येथील उपजिल्हा रुग्णालयात विचारावे, तेथून पुढे कोठे जावयाचे ते कळेल. जाताना मुलाला शब्द किती येतात एवढेच सांगू नये. हवे ते तो कसे मागतो, काही दाखवितो का, हसताना आपल्याकडे पाहतो का, हे चार दिवस पाहून लिहून न्यावे. डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो.

दुसरे, घरातले वागणे. मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. तो ज्या वस्तूकडे पाहत असेल तिचेच नाव घ्यावे. आपल्याला वाटते त्या वस्तूचे नव्हे. वाक्य लहान ठेवावे आणि बोलून झाल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. त्या दहा आकड्यांत मूल काहीतरी करील : नजर वळवील, हात हलवील, आवाज काढील. तेच त्याचे उत्तर. ते मिळाले की आपण आनंदाने दाद द्यावी. केळे आणि बिस्किट दोन्ही समोर धरून त्याला निवडू द्यावे. चेंडू एकदा त्याच्याकडे, एकदा आपल्याकडे, अशी पाळी लावावी. मोबाइल हातात दिला की मूल शांत बसते खरे, पण त्याबरोबर ही देवाणघेवाणही शांत होते.

तिसरे, आणि हे फार महत्त्वाचे, 'दूध म्हण, मग देतो,' हे बंद करावे. इतार यांनी व्हिक्टरशी केलेला तोच प्रयोग आपल्या घरोघरी अजून चालू आहे. मूल पेला पुढे करते, ओढून आपल्याला चुलीपाशी नेते, म्हणजे ते सांगतच असते. त्याचे सांगणे ऐकले न ऐकल्यासारखे करून शब्दासाठी अडवून धरले, तर त्याला एवढेच कळते की, या माणसांना सांगून उपयोग नाही. त्याने पेला दिला की 'दूध! दूध हवे!' असे आपण म्हणावे आणि दूध द्यावे. शब्द त्याच्या कानावर योग्य वेळी पडला, हे पुरे.

चौथे, भाषेची चिंता. आपल्याकडे एकाच घरात उर्दू, शेजारी गुजराती, शाळेत मराठी आणि बाजारात वारली कानावर पडते. इतक्या भाषांनी मूल गोंधळले, आता एकच बोला, असा सल्ला मिळतो. दोन भाषांच्या घरातील स्वमग्न मुले त्यामुळे अधिक मागे पडतात, असे अभ्यासांत दिसलेले नाही. आईने आईच्या भाषेतच बोलावे. परक्या भाषेत ती लाड करू शकत नाही, आणि लाडातूनच मूल शिकते.

आणि पुढे काय, हा प्रश्न तर प्रत्येक आईबापाच्या ओठावर असतो. खोटा दिलासा देऊ नये. काही मुले शाळेच्या वयातही फारच थोडे शब्द बोलतात. स्वमग्न मुलांत त्यांचे प्रमाण साधारण चौथा ते तिसरा हिस्सा मानले जाते. परंतु निराशेलाही कारण नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, चार वर्षांच्या वयात बोलण्यात फारच मागे असलेल्या ५३५ स्वमग्न मुलांची माहिती पाहिली, तेव्हा ७० टक्के मुले पुढे लहान वाक्ये बोलू लागली होती आणि ४७ टक्के सफाईने बोलत होती. चौथ्या वर्षी दार बंद होते, हे खरे नाही. आणि ज्यांना शब्द कधीच येणार नाहीत, त्यांनाही सांगण्यासारखे पुष्कळ असते. ते कुणी ऐकणारे हवे.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे चार शब्द तुमच्यासाठी. तुमच्या मोहल्ल्यात, तुमच्या घरात असा भाऊ किंवा बहीण असेल, तर त्याला 'गूंगा' म्हणून हाक मारू नका. त्याच्या खुणा शिकून घ्या. त्या शिकावयास तुम्हा मुलांना मोठ्यांपेक्षा कमी दिवस लागतात. आणि तुमच्यापैकी कुणी पुढील शिक्षणाचा विचार करीत असेल तर हेही लक्षात असू द्या. मुंबईत वांद्रे येथे वाचा व श्रवण दोषांविषयीची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे. वाचा उपचाराचे, विशेष मुलांच्या शिक्षणाचे रीतसर अभ्यासक्रम आहेत. उर्दू, मराठी आणि वारली समजणारी वाचातज्ज्ञ मुलगी आपल्या तालुक्यात परत आली, तर किती आयांच्या मुंबईच्या फेऱ्या वाचतील, याचा विचार करा.

ताराबाई आणि अनुताईंनी मूल शाळेत येत नाही म्हणून त्याला नावे ठेवली नाहीत; त्या उठल्या आणि त्याच्या अंगणात जाऊन बसल्या. न बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत आपल्याला एवढेच करावयाचे आहे. ते आपल्या भाषेत येईपर्यंत, आपण त्याच्या भाषेत जाऊन बसावयाचे आहे.